एक विहीर, दोन बैठका: विस्थापितांच्या आणि यजमान वस्त्यांच्या पाणी-स्वच्छता समन्वयाची पार्श्वभूमी

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठी आणि शिवनदीच्या पुरात बुडाले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुढच्या काही दिवसांत रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत मदतीची वाहने येत राहिली. बाटलीबंद पाणी आले, चादरी आल्या, पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरीच्या पिशव्या आल्या. मात्र घर गमावलेली कुटुंबे ज्या वाडीशेजारी राहायला जातात, त्या वाडीची विहीर किती माणसांना पुरेल आणि शौचालयाचे नवे खड्डे त्या विहिरीपासून किती अंतरावर घ्यावेत, हे ठरवणारी बैठक कोणी बोलवायची, याचे उत्तर कोकणात प्रत्येक आपत्तीनंतर नव्याने शोधावे लागते. जगभरच्या निर्वासितांच्या मदतकार्यातही हाच प्रश्न गेली तीस वर्षे धुमसत आहे आणि तेथेही तो सोडवताना माणसांची तहान किती, यापेक्षा त्यांना कोणते नाव लावले आहे, हे आधी पाहिले गेले आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये ठेवण्यात आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्त्यांत कॅम्प नंबर एक ते पाच अजूनही जिवंत आहेत. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, छावण्यांत पटकीची साथ पसरली आणि मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाने असंख्य जीव वाचतात, हे सीमेवरच्या बनगावच्या छावणीत सिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय मदत भारताने घेतली, परंतु छावण्यांचा कारभार स्वतःच्या हातात ठेवला. या दोन्ही प्रसंगी समन्वय हा वेगळा विषय मानला गेला नाही, कारण हुकूम देणारे एकच होते.

तो वेगळा विषय झाला १९९४ मध्ये. त्या जुलैत रवांडातून आठ लाखांच्या आसपास माणसे अवघ्या काही दिवसांत तेव्हाच्या झाईरमधील गोमा शहराच्या परिसरात उतरली. तेथील जमीन ज्वालामुखीच्या थिजलेल्या रसाची आहे. रत्नागिरीच्या किंवा देवगडच्या सड्यावर कातळात पहारीने खड्डा मारून पाहिलेल्या माणसाला त्या जमिनीची थोडीफार कल्पना येईल, जरी आपला जांभा त्या खडकापुढे मऊच म्हणावा लागेल. शौचालये खोदता येईनात, पिण्यासाठी जवळचे किवू सरोवर तेवढे होते आणि त्याच्याच काठावर लोक बसले होते. आधी पटकी आणि मग आव यांनी साधारण महिनाभरात सुमारे पन्नास हजार बळी घेतले. मदत संस्था थोड्या नव्हत्या, किंबहुना त्या फार होत्या. पण कोणी टँकर आणायचे, कोणी पाणी शुद्ध करायचे आणि कोणी चर खोदायचे, याचे वाटप वेळेत झाले नाही. १९९६ मध्ये अनेक देशांनी मिळून केलेल्या मूल्यमापनाने या विस्कळीतपणावर नेमके बोट ठेवले.

त्यातून १९९७ मध्ये किमान निकष ठरवण्याचे काम सुरू झाले. आज पाणी-स्वच्छतेच्या प्रत्येक बैठकीत उच्चारले जाणारे आकडे त्या कामाची देणगी आहेत: माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे २५० माणसे, हातपंपामागे ५०० आणि उघड्या विहिरीमागे ४००, सुरुवातीला ५० आणि पुढे २० माणसांमागे एक शौचालय, पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत, आणि शौचालयाचा खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर दूर. शेवटच्या आकड्याला एक पुरवणी जोडलेली असते, जी कोकणात विशेष लक्षात ठेवायला हवी. खडक भेगाळ असेल तर हे अंतर वाढवावे लागते. जांभा सच्छिद्र आहे. त्यातून पावसाचे पाणी जसे झपाट्याने खाली उतरते, तसेच शोषखड्ड्यातले सांडपाणीही उतरते, आणि कोणत्या पोकळीतून जाऊन ते कोणत्या विहिरीत निघेल, हे केवळ टेप लावून सांगता येत नाही.

यानंतरचा टप्पा २००५ चा, आणि सगळा गुंता त्याच वर्षात आहे. आदल्या वर्षी सुदानच्या दारफूर भागातील विस्थापितांपर्यंत मदत पोहोचण्यास झालेल्या विलंबामुळे संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळात एक आढावा घेण्यात आला. त्यात पाणी-स्वच्छता, निवारा आणि छावणी व्यवस्थापन ही क्षेत्रे कोणाच्याच ठोस जबाबदारीत नाहीत, असे आढळले. उपाय म्हणून प्रत्येक क्षेत्राचा एक गट करायचा आणि त्याचे नेतृत्व एका ठरावीक संस्थेकडे द्यायचे, अशी पद्धत आली. मराठीतही तिला क्लस्टर पद्धतीच म्हणतात. पाणी-स्वच्छतेचे नेतृत्व बालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे युनिसेफकडे, गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये पाकव्याप्त काश्मीर आणि उत्तर पाकिस्तानातील भूकंपानंतर ही पद्धत प्रथम वापरली गेली. (त्याच वर्षीच्या जुलैअखेरीस महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन येथे दरडी कोसळल्या होत्या आणि डिसेंबरमध्ये आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. या दोन धाग्यांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण प्रश्न तोच होता.)

वादग्रस्त निर्णय असा की ही नवी पद्धत देशांतर्गत विस्थापितांना आणि आपद्ग्रस्तांना लागू झाली, सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांना मात्र तिच्यातून वगळण्यात आले. निर्वासितांची सर्व जबाबदारी, पाण्याच्या नळापासून कायदेशीर संरक्षणापर्यंत, १९५० पासून एकाच संस्थेकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेकडे (यूएनएचसीआर), आहे आणि ती तशीच राहावी, असा त्या संस्थेचा आग्रह होता. या आग्रहाला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. निर्वासिताला परत पाठवले जाण्याची भीती असते, त्याची नोंदणी आणि त्याचे संरक्षण यांपासून त्याचे पाणी वेगळे काढले तर अडचणीच्या वेळी उत्तरदायी कोण, हे सांगता येत नाही. शिवाय यजमान देशाचे सरकारच कधी कधी निर्वासितांच्या विरोधात असते आणि त्या वेळी अनेक संस्थांच्या सैल गटापेक्षा एक जबाबदार संस्था बरी.

तरीही या निर्णयाची किंमत पाण्याने मोजली, असे म्हणावे लागते. पूर्व चाडमध्ये दारफूरमधून आलेले निर्वासित, चाडमधलेच विस्थापित आणि मूळचे गावकरी एकाच कोरड्या पट्ट्यात राहत होते. निर्वासितांच्या पाण्याची बैठक एका संस्थेकडे, विस्थापितांच्या पाण्याची दुसऱ्या संस्थेकडे, आणि गावकऱ्यांचे पाणी जेमतेम दोन्हींच्या शेवटच्या मुद्द्यात. भूजल मात्र तिघांचे एकच. अशा मिश्र परिस्थितीत नेतृत्व कोणाचे, हे स्पष्ट करणारे संयुक्त टिपण निर्वासितविषयक संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचे मदत-समन्वय कार्यालय यांनी २०१४ मध्ये काढले, म्हणजे निर्णयानंतर नऊ वर्षांनी. त्या टिपणाने हद्दी आखून दिल्या. दोन बैठका एक केल्या नाहीत.

हद्दींचा हा खेळ शब्दांवर चालतो, आणि मराठीत तो शब्द अधिकच निसरडा आहे. ‘निर्वासित’ म्हणजे वास्तव्य सुटलेला, राहते घर गेलेला. सीमेचा उल्लेख त्या शब्दात कोठेही नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तळियेतून वाचलेले कुटुंब निर्वासितच ठरेल. परंतु फाळणीनंतर हा शब्द सरकारी व्यवहारात सिंध-पंजाबातून आलेल्यांना चिकटला आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारातील संकल्पनेचे भाषांतर म्हणूनही तोच वापरला गेला. भारताने त्या करारावर सही केलेली नाही. हिंदीतून आलेला ‘शरणार्थी’ वर्तमानपत्रांत त्याच्या शेजारी बसतो. घर गेलेल्या बाकीच्यांसाठी वेगवेगळे शब्द राखून ठेवले आहेत: धरणासाठी उठवलेला प्रकल्पग्रस्त, पुरातला पूरग्रस्त, दरडीतला दरडग्रस्त, धोक्याच्या वाडीतून पावसाळ्यापुरता शाळेत हलवलेला स्थलांतरित. हे शब्द नुसते वर्णनाचे नाहीत. प्रकल्पग्रस्तांच्या गावठाणाला पुनर्वसन कायद्यानुसार १८ नागरी सुविधा द्याव्या लागतात आणि त्यांत पिण्याचे पाणी व शौचालये येतात. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेलेली जी कुटुंबे रायगड-ठाण्यात आली, त्यांचे वारस आजही त्या यादीवर बोट ठेवून भांडतात. दरडग्रस्ताला मात्र प्रत्येक वेळी त्या त्या दुर्घटनेपुरत्या निघालेल्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागते. दासगावच्या काही कुटुंबांची ती वाट पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे चालली.

बांगलादेशात शब्दाचा असाच प्रश्न २०१७ मध्ये उभा राहिला. ऑगस्टअखेरीपासून म्यानमारमधून सुमारे सात लाख रोहिंग्या कॉक्स बझार जिल्ह्यात आले. त्यांना निर्वासित म्हणायचे नाही, ‘बळजबरीने विस्थापित केलेले म्यानमारचे नागरिक’ म्हणायचे, अशी तेथील सरकारची भूमिका राहिली. शब्द बदलला म्हणून समन्वयाची सूत्रेही सुरुवातीला निर्वासितविषयक संस्थेऐवजी स्थलांतरविषयक संस्थेकडे होती. तेवढ्यात जमिनीवर जे व्हायचे ते झाले. घाईघाईत उथळ कूपनलिका ठोकल्या गेल्या आणि त्यांच्या शेजारीच शौचालयाचे खड्डे घेतले गेले. काही महिन्यांतच अनेक कूपनलिका दूषित किंवा निकामी ठरल्या, भरलेले खड्डे उपसायला गाडी आत जाऊ शकत नव्हती, आणि दुरुस्ती, बंद करणे, खोल नलिका घेणे व मैला प्रक्रिया केंद्र उभारणे हे काम त्यानंतरची काही वर्षे पुरले. त्याच जिल्ह्यातील उखियामध्ये खोल भूजल मिळते, तर दक्षिणेकडच्या टेकनाफमध्ये ते फारसे मिळत नाही आणि उन्हाळ्यात साठवण तळ्यांवर भागवावे लागते. म्हणजे एकाच जिल्ह्याला एकच आराखडा लावता आला नाही.

टेकनाफच्या गावकऱ्यांची तक्रार होती की आमच्या पाण्यावर पाहुणे आले आणि मदत पाहुण्यांनाच मिळाली. त्यामुळे २०१८ च्या संयुक्त आराखड्यात छावण्यांतील लोकांबरोबर स्थानिक समाजातील तीन लाखांहून अधिक माणसेही मोजली गेली आणि मदतीचा साधारण पाव हिस्सा त्यांच्यासाठी असावा, असा सरकारने आग्रह धरला. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने निर्वासितांविषयीचा जो जागतिक करार मान्य केला, त्याचे पहिले उद्दिष्टही यजमान देशांवरचा ताण हलका करणे हेच आहे. ही कल्पना तेव्हाची नवी नव्हती. आफ्रिकेतील निर्वासितांच्या मदतीसाठी जिनेव्हात १९८१ आणि १९८४ मध्ये भरलेल्या परिषदांत यजमान भागातील रस्ते, विहिरी आणि दवाखान्यांसाठी निधी मागण्यात आला होता. अपेक्षेच्या मानाने तो फार थोडा मिळाला.

‘यजमान’ हा शब्दही मराठीत नीट बसत नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते. यजमान आमंत्रण देतो आणि पाहुणा परत जातो. मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी गावी आले की वाडीच्या विहिरीवर घागरींची रांग लांबते, पण ती पंधरा दिवसांत ओसरते हे सर्वांना ठाऊक असते. शेजारी वसलेल्या कंटेनरच्या वसाहतीचे तसे नाही. आणि येथे निकषांचा एक विचित्र मेळ बसतो. छावणीचा किमान निकष १५ लिटर, निर्वासितविषयक संस्थेचा स्वतःचा २० लिटर, तर २०१९ पासूनच्या नळजोडणीच्या राष्ट्रीय योजनेत ग्रामीण माणसाला दररोज ५५ लिटर देण्याचे ठरले आहे. कागदावर यजमान वाडी श्रीमंत आणि छावणी गरीब. पण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये वाडीची विहीर तळाला जाते आणि आपद्ग्रस्तांसाठी आलेला टँकर डोळ्यांसमोरून पुढे जातो, तेव्हा ५५ चा आकडा कोणाच्याच कामाचा राहत नाही.

कोकणातील अलीकडचा अनुभव याच ठिकाणी येऊन थांबतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड आणि आसपासच्या भागांत विजेचे खांब आडवे झाले आणि नळपाणी योजनांचे पंप बंद पडले. पाण्याची अडचण प्रत्यक्षात विजेची अडचण होती, पण दोन्ही विभागांच्या बैठका वेगळ्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड आली आणि वाचलेल्या कुटुंबांची सोय चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या वसाहतीत झाली. अशी वसाहत पावसाळ्यात उभी राहते, तेव्हा पाण्याचा तुटवडा कोणाच्या ध्यानातही येत नाही. जलसुरक्षकाने टीसीएल टाकले का, पाण्यात क्लोरीन उरला आहे का हे पाहणारी ओटी टेस्ट घेतली का आणि लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचे रुग्ण किती, एवढेच विचारले जाते. पुढच्या उन्हाळ्यात तीच वसाहत टंचाईच्या आराखड्याचा भाग होते. जुलैत जी फाईल आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर होती, ती मार्चमध्ये पाणीपुरवठ्याच्या टेबलावर जाते आणि घरांचे काम पुनर्वसनाच्या टेबलावर चालू असते. शौचालयांच्या टाक्या भरेपर्यंत या तिन्ही टेबलांपैकी एकालाही त्यांची आठवण होत नाही, आणि त्या उपसायच्या वेळी ज्या ग्रामपंचायतीकडे बोट दाखवले जाते, तिच्याकडे मैला उपसणारी गाडी बहुधा नसते. ती जवळच्या नगरपरिषदेकडून मागवावी लागते, डिझेलचे पैसे कोणी द्यायचे हे ठरेपर्यंत टाकी वाहू लागते, आणि उताराच्या खालच्या अंगाला बहुतेक वेळा वाडीची विहीर असते.