निसर्गावरची भिस्त आणि संकटाची जाणीव : पार्श्वभूमी

२६ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात काच आणि पोलादाच्या एका प्रचंड बंदिस्त वास्तूत आठ माणसे राहायला गेली. ‘बायोस्फिअर २’ असे नाव असलेल्या आणि सुमारे तीन एकरांवर पसरलेल्या या वास्तूत छोटे वर्षावन, गवताळ प्रदेश, वाळवंट, खारफुटी, प्रवाळ असलेला कृत्रिम समुद्र आणि शेती असे सारे काही वसवलेले होते. दोन वर्षे अन्न, पाणी आणि हवा यांपैकी काहीही बाहेरून न घेता तिथे जगून दाखवायचे, असा बेत होता. सुमारे सोळा महिन्यांत आतील हवेतील प्राणवायूचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास उतरले आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. शेतीसाठी भरलेल्या कसदार मातीतील सूक्ष्मजीव अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्राणवायू वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला येण्याआधीच काँक्रीटच्या भिंती शोषून घेत होत्या. परागीभवन करणारे कीटक नाहीसे झाले, मुंग्या आणि झुरळे मात्र फोफावली. प्रयोग फसला असे तेव्हा अनेकांनी म्हटले. पण माणसाला जिवंत ठेवणारी किती कामे निसर्ग कोणाच्या लक्षातही न येता उरकत असतो, हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणत्या प्रयोगाने दाखवले असेल.

ही आठ माणसे काचेच्या आत असतानाच, जून १९९२ मध्ये, ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे १७० हून अधिक देशांचे प्रतिनिधी हवामानबदल आणि जैवविविधता या विषयांवरील करारांसाठी जमले होते. निसर्गावरील अवलंबित्व हा आंतरराष्ट्रीय कराराचा विषय व्हायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक का उजाडावे लागले, हे समजून घ्यायचे तर त्या अवलंबित्वाचे रूप कसे बदलत गेले ते आधी पाहावे लागते.

प्राचीन काळी हे नाते डोळ्यांसमोर असे. दक्षिण मेसोपोटेमियात कालव्यांच्या पाण्यावर शेती बहरली आणि त्याच पाण्यामुळे जमिनी क्षारपड होत गेल्या. तिथे गव्हाचा पेरा घटून खारटपणा सोसणाऱ्या जवाचा वाढत गेला, त्यामागे हेच मोठे कारण असावे असे बरेच अभ्यासक मानतात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने ॲटिका प्रदेशातील माती धुपून गेलेल्या डोंगरांची तुलना आजाराने झिजून हाडे उरलेल्या देहाशी केली होती. नुकसान करणारे आणि भोगणारे पुष्कळदा एकाच खोऱ्यात राहत, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा धागा निदान दिसत तरी असे. अर्थात दिसत होता म्हणून तो सांभाळला गेला, असे नव्हे.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘शाश्वतता’ या कल्पनेचा उगमही जंगलावरच्या प्रेमात नव्हे, तर टंचाईत आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकडावर चालत आणि आसपासची जंगले संपत आली होती. तिथल्या खाण प्रशासनातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने १७१३ मध्ये वनशास्त्रावरील ग्रंथात असा आग्रह धरला की, लाकूड नव्याने वाढेल त्याच बेताने तोडावे. युरोपने पुढे काही प्रमाणात तसे केलेही. परंतु लाकडाची टंचाई खऱ्या अर्थाने मिटली ती दगडी कोळशामुळे. म्हणजे चालू काळातील जंगलाऐवजी कोट्यवधी वर्षांपूर्वीचे जंगल जाळायला सुरुवात झाली. निसर्गावरची भिस्त कमी झाली नाही, ती फक्त जमिनीखाली आणि भूतकाळात सरकली. औद्योगिक युगात माणसाने निसर्गावर मात केली असे जे म्हटले जाते, त्याचा पाया बव्हंशी या सरकण्यात आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, आहे. हवेत नत्र मुबलक असतो, पण पिकांना तो त्या रूपात घेता येत नाही. म्हणून हजारो वर्षे शेणखत, द्विदल पिके आणि जमीन पड टाकणे हेच उपाय होते. वनस्पतींना मातीतून कोणती खनिजे लागतात याची मांडणी युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये केली, आणि त्याच सुमारास पेरूच्या किनाऱ्यालगतच्या चिंचा बेटांवरील समुद्रपक्ष्यांच्या नत्रयुक्त विष्ठेला, म्हणजे ग्वानोला, युरोपात खत म्हणून सोन्याचे मोल आले. पाऊस जवळपास नसल्याने शतकानुशतके साचलेले हे थर अनेक मीटर जाडीचे होते. कराराच्या नावाखाली आणलेल्या चिनी मजुरांकडून ते भयानक परिस्थितीत खणून घेतले गेले, आणि तीन-चार दशकांत ते संपत आले. मग लक्ष अटाकामा वाळवंटातील सोरामिठाकडे, म्हणजे नत्रयुक्त खनिजाकडे, वळले. त्या प्रदेशावरील ताब्याचा वाद हे १८७९ मध्ये चिलीचे पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटण्याचे प्रमुख कारण होते. १८९८ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी जाहीर इशारा दिला की, हवेतील नत्र पकडण्याची युक्ती सापडली नाही, तर गहू खाणाऱ्या देशांना अन्न पुरणार नाही.

ती युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्स हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि कार्ल बॉश यांच्या देखरेखीखाली १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून खतासाठी अमोनिया बनवणारा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळपास निम्म्या लोकसंख्येचे अन्न या प्रक्रियेतून मिळणाऱ्या खतावर पिकते असा अंदाज आहे. पक्ष्यांच्या विष्ठेवरच्या अवलंबित्वातून माणूस मुक्त झाला, मात्र त्या प्रक्रियेला लागणारा हायड्रोजन प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून आणि काही ठिकाणी कोळशापासून मिळवला जातो. २०२२ मध्ये वायूचे दर भडकताच युरोपातील अनेक खत कारखान्यांना उत्पादन थांबवावे किंवा घटवावे लागले. शिवाय पिकांनी न घेतलेला नत्र नद्यांमधून समुद्रात जातो, तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो; मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ दर उन्हाळ्यात असा निर्जीव पट्टा तयार होतो.

संकटाला मिळालेल्या प्रतिसादांचा इतिहास या तुलनेत अगदी अलीकडचा आहे, आणि बराच काळ तो नाकाडोळ्यांना जाणवणाऱ्या उपद्रवांपुरता होता. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट धुरके साचून राहिले. सुरुवातीच्या हिशेबानुसार सुमारे ४,००० माणसे दगावली, नंतरच्या अभ्यासांत हा आकडा १२,००० पर्यंत गेला. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. धूर दिसत होता, तो कुठून येतो ते ठाऊक होते आणि कायदा करणारे लोक तीच हवा घेत होते, त्यामुळे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. योगायोगाने त्याच १९५६ साली जपानमधील मिनामाता या किनारी गावात एका अनाकलनीय मज्जारोगाची अधिकृत नोंद झाली. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा उपसागरात पुरेसा पातळ होईल असे गृहीत धरले गेले होते. प्रत्यक्षात तो शिंपल्यांत आणि माशांत साठत गेला आणि तिथून माणसांच्या मेंदूपर्यंत पोहोचला. जपान सरकारने कारखान्याचा दोष अधिकृतपणे मान्य करायला १९६८ साल उजाडले. दूषित द्रव्य पुरेशा पाण्यात किंवा हवेत मिसळले की निकाली निघते, हा औद्योगिक काळातील भाबडा विश्वास इथे मोडला. अमेरिकी लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांविषयी हीच गोष्ट अमेरिकेतील सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. डीडीटीवर तिथे १९७२ मध्ये बंदी आली.

त्याच वर्षी, ५ ते १६ जून १९७२ या काळात, स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणावरील पहिली मोठी परिषद भरली. स्वीडनने तिच्यासाठी पुढाकार घेण्यामागे एक कारण असे की, इतर देशांतील धुराड्यांतून निघालेले गंधक आम्लवर्षेच्या रूपाने आपल्या तळ्यांवर पडते आहे, हे तिथल्या शास्त्रज्ञांच्या लक्षात येत होते. यजमान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज परिषदेत भाषण करणाऱ्या एकमेव पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. गरिबी आणि अभाव हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, या आशयाचा त्यांचा प्रश्न पुढे अनेकदा संदर्भ सोडून वापरला गेला. त्यांचे म्हणणे पर्यावरणाविरुद्ध नव्हते. ज्यांनी निसर्गाचे भांडवल आधीच वापरून टाकले आहे, त्यांनी इतरांना संयम शिकवताना आपला वाटाही उचलावा, हा त्यामागचा मुद्दा होता, आणि नंतरच्या प्रत्येक वाटाघाटीत तोच वाद वेगळ्या शब्दांत परत आला. संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम या परिषदेतून जन्मला आणि त्याचे मुख्यालय केनियातील नैरोबी येथे गेले.

संपूर्ण पृथ्वीच्या पातळीवर उत्तर मिळाल्याचे एक उदाहरण आहे, ते ओझोनचे. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले की, शीतकपाटे आणि फवाऱ्यांचे डबे यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोन नष्ट करू शकतात. उद्योगांनी प्रारंभी ही गोष्ट उडवून लावली. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने विरळ होत असल्याचे प्रसिद्ध केले आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी ही रसायने आटोक्यात आणण्याच्या माँट्रियल प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. विकसनशील देशांना पर्यायी तंत्रज्ञानासाठी निधी देण्याची व्यवस्था १९९० मध्ये झाली, आणि माझ्या मते या कराराचे यश विज्ञानाइतकेच त्या निधीत आहे. सध्याचा अंदाज असा की, जगाच्या बहुतेक भागांवरचा ओझोन थर २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

हवामानबदलाविषयीचे ज्ञान याहून कितीतरी जुने आहे. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात अधिक तापते हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये नोंदवले. स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८९६ मध्ये या वायूचे प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित केले. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. ओझोनच्या बाबतीत मोजक्या कंपन्या बनवत असलेली काही रसायने बदलायची होती आणि पर्यायही हाताशी येत होते. इथे बदलायची आहे ती वीज, वाहतूक, पोलाद, सिमेंट आणि वर सांगितलेले खत, म्हणजे सॅक्सनीतील भट्ट्यांपासून हळूहळू जमिनीखाली सरकलेली ती सगळी भिस्त. रिओनंतर १९९७ मध्ये क्योटो आणि २०१५ मध्ये पॅरिस असे करार झाले. पॅरिस करारात तापमानवाढ २ अंश सेल्सियसपेक्षा बरीच खाली ठेवण्याचे आणि १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचे ठरले, पण त्याच्या संहितेत ‘जीवाश्म इंधन’ हे शब्द कुठेही नाहीत. या इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन हवामान परिषदेच्या निर्णयात आले ते २०२३ मध्ये, दुबईत.

दरम्यान निसर्गाचे काम पैशांत मांडण्याचाही प्रयत्न झाला. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी परिसंस्थांच्या वार्षिक सेवांचे मोल सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढले, जे तेव्हाच्या जागतिक उत्पन्नापेक्षा जास्त होते. ज्याला पर्यायच नाही त्याची किंमत ठरवणे निरर्थक आहे, हा त्यावरचा आक्षेप तर्काला धरून होता. तरीही ज्या टेबलांवर केवळ आकडे वाचले जातात तिथे या आकड्याने दार उघडले, हेही खरे. २०१९ मध्ये जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाने सुमारे दहा लाख प्रजातींवर नामशेष होण्याचे सावट असल्याचे आणि जगातील तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रकारची अन्नपिके कमीअधिक प्रमाणात प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असल्याचे सांगितले. जैवविविधता कराराखाली २०१० मध्ये ठरलेल्या २० उद्दिष्टांपैकी एकही २०२० पर्यंत पूर्णतः साधले गेले नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये कुनमिंग-माँट्रियल आराखड्यात २०३० साठी २३ नवी लक्ष्ये ठरली. जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग राखण्याच्या लक्ष्याची सर्वाधिक चर्चा झाली. सातव्या लक्ष्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. शेतातून वाहून जाणारी अतिरिक्त पोषकद्रव्ये, म्हणजे मुख्यतः नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस), निदान निम्म्यावर आणावीत असे ते सांगते. त्याच्या आदल्याच वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली होती. भाताचे उत्पादन घसरले, तांदूळ बाहेरून आणावा लागला आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घेण्यात आली.