शोकेसमधली पट्टी: 12 व्होल्टची की 230 व्होल्टची?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत आईने शोकेसची काच सरकवली, ओल्या फडक्याने वरची फळी पुसायला घेतली आणि हात झटकन मागे ओढला. "अगं, करंट लागला!" त्याच क्षणी मेन बोर्डातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच, पडला आणि घर अंधारात. शोकेस जुनंच होतं, पण आतली लाइटची पट्टी महिन्याभरापूर्वीच बसवली होती. फॉल्स सिलिंगच्या कामातून उरलेला तुकडा वायरमनने तिथे लावून दिला होता. मी तेव्हा विचारलं होतं, हा इथे चालेल ना? तो म्हणाला, "ताई, पट्टी ती पट्टीच. वर काय आणि शोकेसमध्ये काय."

आपण सगळेच असं समजतो, कारण लागल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात. तोच पिवळसर उजेड, तेच बारीक दिवे. पण एक 12 किंवा 24 व्होल्टवर चालते आणि दुसरीत थेट घरातला 230 व्होल्टचा पुरवठा फिरत असतो. छताच्या कोव्हमध्ये, म्हणजे फॉल्स सिलिंगच्या कडेच्या खाचेत, दुसरी चालून जाते, तिथे कोणाचा हात पोचत नाही. टीव्ही युनिटचे खण, पुस्तकांचं कपाट, शोकेसच्या फळ्या या रोज हात लागणाऱ्या जागा आहेत. तिथे माझ्या मते पहिलीच हवी, आणि याबाबत मी तडजोड करत नाही.

आधी ओळखायच्या कशा ते बघू. 12 व्होल्टची पट्टी पातळ असते, साधारण 8 ते 10 मिलिमीटर रुंद, मागे चिकटपट्टी. ती 5 मीटरच्या रिळात येते. ठरावीक अंतरावर तांब्याचे छोटे ठिपके, शेजारी अधिक-उणेची खूण आणि "12V" असं छापलेलं असतं. 230 व्होल्टची पट्टी जाड पारदर्शक नळीत असते, चिकटपट्टी नसते, आणि दुकानदार मोठ्या रोलवरून मीटरने कापून देतो. गणपतीच्या सजावटीत मखराभोवती गुंडाळतात ती बहुतेक वेळा हीच.

खरी फसगत होते ती पिनेजवळ. 230 व्होल्टच्या पट्टीच्या पिनेलाही एक लहानसा डबा असतो. तो बघून वाटतं, हाच ड्रायव्हर (मेनचं व्होल्टेज पट्टीपुरतं कमी करणारा डबा), म्हणजे पुढे व्होल्टेज कमी झालंच असणार. तसं होत नाही. त्या डब्यात फक्त रेक्टिफायर असतो, तो एसीचा डीसी करतो. व्होल्टेज कमी होत नाही. पट्टीतले दिवे एकापुढे एक मालिकेत जोडून 230 व्होल्ट आपसांत वाटून घेतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही आणि म्हणूनच ती स्वस्त पडते. नळी अखंड आहे आणि टोकाला टोपण घट्ट आहे तोवर ठीक. आमच्या शोकेसमध्ये तुकडा कापला होता, टोपण नव्हतं, नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. ती सुटली, आणि त्या उघड्या टोकाला आईचं ओलं फडकं लागलं. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी होता म्हणून निभावलं.

12 व्होल्टच्या पट्टीत दिवे तीन-तीनच्या गटात असतात, प्रत्येक गटाला करंट आवरणारा आपला रेझिस्टर. खऱ्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, तो मेनचा पुरवठा आणि पट्टी यांना वेगळं ठेवतो. उघड्या ठिपक्याला कोरडं बोट लावलं तरी काही जाणवत नाही. ड्रायव्हर घेताना त्यावर आयएस 15885 हा मानक क्रमांक आणि बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला आहे का ते नक्की बघा, कारण ती सुरक्षितता सगळी त्या डब्याच्या आतल्या कामावर अवलंबून आहे.

मॉड्युलर फर्निचरमध्ये आणखी एक गोष्ट 12 व्होल्टच्या बाजूने जाते, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. मॉड्युलर म्हणजे खोक्यांची रचना. 60 सेंटिमीटर रुंद खोकं धरा. दोन्ही बाजूंची प्लाय 18 मिलिमीटरची, म्हणजे आत उरले 56.4 सेंटिमीटर. 12 व्होल्टची, मीटरला 60 दिव्यांची पट्टी दर 5 सेंटिमीटरवर कापता येते. 55 सेंटिमीटरचा तुकडा काढला की दोन्ही कडांना जेमतेम पाऊण सेंटिमीटर सुटतं. 24 व्होल्टची तशीच पट्टी बहुधा दर 10 सेंटिमीटरवर कापते, म्हणजे 50 चा तुकडा आणि दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटिमीटर अंधार. 120 दिव्यांची 24 व्होल्टची घेतली तर कापण्याच्या जागा जवळ येतात आणि पुन्हा 55 जमतं. 230 व्होल्टची पट्टी मात्र 1 मीटरवर, फार तर अर्ध्या मीटरवर कापते. मध्येच कापली तर तेवढा तुकडा पेटतच नाही. मग वायरमन काय करतो? एकच लांब पट्टी एका खोक्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात अशी ओढत नेतो, उरलेली मागे वळवून ठेवतो. घर बदलताना खोकी सुटी करायची म्हणजे पट्टी तोडावीच लागते. कमी व्होल्टच्या कामात प्रत्येक खोक्याच्या वायरीला एक छोटा प्लग-कनेक्टर दिला की खोकं उचलायचं, प्लग काढायचा, झालं.

आता 12 व्होल्टची उणी बाजू, कारण तीही आहे. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच वॅटला करंट जास्त. मीटरला 14.4 वॅटची पट्टी 5 मीटर लावली तर 72 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर 6 अँपिअर. एवढा करंट पातळ वायरीतून आणि पट्टीच्या तांब्यातून जाताना वाटेत व्होल्टेज गळतं, आणि शेवटचा खण पहिल्यापेक्षा मंद दिसतो. 24 व्होल्टवर करंट निम्मा होतो आणि वायरीतलं नुकसान चौथाईवर येतं. म्हणून लांबलचक भिंतभर युनिट असेल तर 24, दोन-तीन खोकी असतील तर 12, असं मी सांगेन. दोन्हींतही एका खणाच्या पट्टीतून पुढच्या खणाला लाइन देऊ नका, ड्रायव्हरपासून प्रत्येक खोक्याला वेगळी वायर न्या. आणि दाबून बसवायचे कनेक्टर ढिले राहिले तर जास्त करंटमुळे तिथे गरम होतं. मला तरी सोल्डर केलेला सांधाच भरवशाचा वाटतो.

हिशोब अवघड नाही. चार खोकी, प्रत्येकात तीन फळ्या, म्हणजे 55 सेंटिमीटरचे 12 तुकडे, एकूण 6.6 मीटर. शोकेसला मीटरमागे 4.8 वॅटची पट्टी पुरते. त्यापेक्षा जास्त उजेड काचेवर आणि डोळ्यांवर येतो. 6.6 गुणिले 4.8 म्हणजे जवळपास 32 वॅट. ड्रायव्हर निदान वीस टक्के मोठा हवा, म्हणून 40 वॅटचा. ड्रायव्हर 'कॉन्स्टंट व्होल्टेज' प्रकारचाच, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा मागा. छतातल्या डाउनलाइटचे ड्रायव्हर बहुतेक कॉन्स्टंट करंटचे असतात, ते इथे चालत नाहीत. उरलेला लावून देतो म्हटलं तर नको म्हणा.

लुकलुकणं हाही फरक आहे. आपला पुरवठा 50 हर्ट्झचा, म्हणून 230 व्होल्टची पट्टी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते. डोळ्याला सहसा कळत नाही, पण टीव्हीशेजारी तास-दोन तास बसलं की काहींचं डोकं जड होतं. दुकानातच मोबाइलचा स्लो-मोशन व्हिडिओ घेऊन बघा, पट्टे धावताना दिसतील. चांगल्या ड्रायव्हरवरची पट्टी स्थिर दिसते.

रंग 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या, सागाचं लाकूड आणि पितळ त्यात खुलतं. मागचं लॅमिनेट चकचकीत असेल तर प्रत्येक दिवा त्यात ठिपक्यासारखा दिसतो, तेव्हा दुधी झाकणाची ॲल्युमिनियम प्रोफाइल (पट्टी आत बसते ती पन्हळ) हवीच. ती पट्टीची उष्णताही ओढून घेते. पट्टी फळीच्या पुढच्या कडेला, आत वळलेली बसवा. मागे बसवली तर वस्तूंच्या नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. डिमर हवा असेल तर तो ड्रायव्हर आणि पट्टीच्या मधे बसणारा घ्या. भिंतीवरचा, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा डिमर साध्या ड्रायव्हरवर चालत नाही.

आणि ड्रायव्हर कुठे ठेवायचा ते सुताराने प्लाय कापायच्या आधी ठरवा. माझ्या बहिणीच्या घरी तो मागच्या फळीच्या आड, लॅमिनेट चिकटवून बंद झाला. हवा नाही, हात पोचत नाही. तो गेला तेव्हा नवीन युनिटची पाठ कापावी लागली. एलईडी सहसा आधी जात नाहीत, आधी ड्रायव्हरच जातो.

आईच्या शोकेसमधून ती पट्टी त्याच आठवड्यात काढली. पुण्याच्या तापकीर गल्लीतून 12 व्होल्टचं रीळ आणि ड्रायव्हर आणला. ड्रायव्हर खालच्या ड्रॉवरच्या मागे, जाळी लावलेल्या कोनाड्यात स्क्रूने बसवला, आणि स्विच 230 व्होल्टच्या बाजूला दिला, म्हणजे लाइट बंद तेव्हा ड्रायव्हरही बंद. या जूनमध्ये तो बंद पडला. मेन स्विच पाडला, ड्रॉवर ओढून काढला, दोन स्क्रू सोडवले, चार वायरी नव्या ड्रायव्हरला जोडल्या. आई टॉर्च धरून शेजारी उभी होती. वीस मिनिटांत शोकेसमधल्या तिच्या समया पुन्हा उजळल्या.