रुश्निक : नवरीच्या हातून नवरीच्या हाती

युक्रेनमध्ये लग्न लागताना वधूवर एका लांब, अरुंद पांढऱ्या कापडावर उभे राहतात. हा लग्नाचा रुश्निक. टोकांना दाट भरतकाम, मधली जागा कोरी. आज नवरीची आई, आजी किंवा एखादी मैत्रीण महिनोन्महिने खपून तो भरते आणि तिला भेट देते. एकोणिसाव्या शतकातल्या खेड्यात मात्र रुश्निक भरायची आणि द्यायची ती नवरीच.

मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या हाती सुई यायची. जवसाचे किंवा भांगेच्या झाडाचे तंतू कुजवून, झोडपून, विंचरून सूत काढायचं, घरच्या मागावर कापड विणायचं, मग उन्हात पसरून पांढरं करायचं. मागाची रुंदी तीच कापडाची रुंदी, म्हणून जुने रुश्निक एवढे अरुंद असतात. भरून झालेलं कापड लाकडी पेटीत साठत जायचं. मागणी घालायला मध्यस्थ आले आणि मुलीला स्थळ पसंत असलं, की ती पेटीतले रुश्निक काढून त्यांच्या खांद्यावरून तिरपे बांधायची. नकार असेल तर नवऱ्यामुलाच्या हाती भोपळा! आईवडील आशीर्वाद देताना येशू-मेरीचं पवित्र चित्र रुश्निकात धरायचे, लग्नाची मोठी पाव-रोटी कोरोवाय रुश्निकावर ठेवायचे. एका लग्नाला असे कितीतरी रुश्निक लागत, आणि त्यातल्या प्रत्येकावर मुलीच्या हाताची पारख व्हायची. मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ हवी, गाठ दिसता कामा नये.

नक्षी प्रांताप्रांतात वेगळी. पोल्ताव्हाकडे लाल दोऱ्याने कुंडीतून वर फुटलेलं मोठं झाड, पानापानात निराळ्या टाक्यांची भरण. लग्नासाठी जोडीचे पक्षी आणि कलिना या झुडपाच्या लाल फळांचे घोस. क्रोलेवेत्स गावचा लाल रुश्निक तर भरलेला नसतोच, त्याची नक्षी मागावरच विणतात.

मग काळ्या-लाल दोऱ्यातले, फुलीच्या टाक्यातले गुलाब कुठून आले? पुष्कळांना तेच सर्वात प्राचीन वाटतात, पण ते बरेच अलीकडचे. आंरी ब्रोकार या फ्रेंच माणसाने १८६४ मध्ये मॉस्कोत साबण आणि अत्तरांचा कारखाना काढला. त्याच्या स्वस्त साबणाबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने गावोगाव पोचले. चौकटी मोजल्या की फूल तयार, शिकायला सोपं. एकोणिसावं शतक संपेपर्यंत जुने अवघड टाके कितीतरी गावांत मागे पडले. त्या आधीच, १८७६ मध्ये, लेखिका ओलेना प्चिल्का यांनी कीव्हमध्ये युक्रेनी लोकनक्षीचा संग्रह छापला होता. त्याच वर्षी रशियाच्या झारच्या ‘एम्स’ नावाच्या फर्मानाने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर कडक बंधनं आली. अशा वेळी खेड्यातल्या बायकांची नक्षी कागदावर जपून ठेवणं हे मला फार मोठं काम वाटतं.

विसाव्या शतकाने घरचा माग संपवला. सोव्हिएत राजवटीत सामूहिक शेती आली, १९३२-३३ च्या दुष्काळात माणसंच गेली, चर्चमधली लग्नं दडपली गेली. तरी रुश्निक टिकला. पुढे सरकारी नोंदणीच्या लग्नातही जोडपी त्यावर उभी राहू लागली. कॅनडात १८९१ पासून जाऊन वसलेल्या युक्रेनी कुटुंबांनीही तो सोबत नेला. मात्र मुली आता शाळा-नोकरीत होत्या. पेटीभर कापड भरायला कुणाला वेळ नव्हता. अनेक रुश्निकांच्या जागी एकच उरला आणि तो कुणीतरी जवळच्याने भरून द्यायचा, अशी रीत रुजत गेली.

म्हणून भेट द्यायला रुश्निक भरणारीने आधी नवरीच्या आजीचं गाव विचारावं, असं मला मनापासून वाटतं. कीव्हच्या इव्हान होन्चार संग्रहालयात प्रांतोप्रांतीचे जुने रुश्निक आहेत. त्या गावाची नक्षी सापडली तर तीच घ्यावी. पण त्या घरात तीन पिढ्या गुलाबच भरले जात असतील, तर गुलाब भरावेत. आता ते त्यांचेच आहेत. कापड मात्र अखंड, मध्ये जोड नसलेलं हवं, आणि वधूवरांची पावलं पडतील तेवढी जागा कोरी सोडायची.