मॅमी टू-शूज

‘टॉम अँड जेरी’ या अमेरिकी कार्टून मालिकेतील कृष्णवर्णीय स्त्री-पात्र. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओसाठी बनवलेल्या ‘पस गेट्स द बूट’ (१९४०) या पहिल्याच लघुपटात ती आहे, आणि ‘पुश-बटन किटी’ (१९५२) हा तिचा शेवटचा. चित्रपटांत तिला कुणी नावाने हाक मारत नाही. हे नाव पुढे चाहत्यांत आणि अभ्यासकांत रूढ झाले.

पडद्यावर दिसतात ते तिचे पाय: घसरलेले मोजे, सपाता, वर ॲप्रन आणि हातात झाडू. “थॉमस!” अशी हाक आली की टॉमची पाचावर धारण बसते. मांजर-उंदरांच्या उंचीवरून जग दाखवायचे म्हणून माणसांचे चेहरे टाळले, हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. जाड अंगाची, दणदणीत आवाजाची, गोऱ्यांच्या घरी राबणारी ‘मॅमी’ हा गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेला साचा होता आणि हॉलिवूडला तो पाठ होता. ‘पस गेट्स द बूट’ झळकला त्याच महिन्यात अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना अशाच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. या साच्याविरुद्ध एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना १९४०च्या दशकात सतत आवाज उठवत होती.

ती घरची नोकर की मालकीण, यावर आजही वाद होतो. ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’ (१९५०) पाहिला तर मालकीण म्हणणाऱ्यांची बाजू पटते. शनिवारी संध्याकाळी ती नटूनथटून पत्ते खेळायला बाहेर पडते. टॉम मित्रांना बोलावून जॅझचा धिंगाणा घालतो आणि झोपमोड झालेला जेरी तिला फोन करतो. ती धावत घरी येते, त्या धावपळीत तिचा चेहरा निमिषभर दिसतो. एवढ्या वर्षांत असे क्षण मोजकेच.

तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा. ‘द ग्रेट गिल्डरस्लीव्ह’ या रेडिओमालिकेतील बर्डी आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’मधील (१९४६) ॲनी यांमुळे त्या अमेरिकेत घरोघरी परिचित होत्या. कार्टूनच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नाही. धमकी, लाड आणि वैताग एका दमात आणणारी त्यांची शैली या लघुपटांचा अर्धा प्राण आहे.

१९६०च्या दशकात हे लघुपट टीव्हीवर दाखवताना ॲनिमेटर चक जोन्स यांच्या चमूने तिच्या जागी सडपातळ गोरी स्त्री रंगवली आणि जून फोरे यांच्याकडून आयरिश ढंगाचा आवाज दिला. ‘सॅटर्डे इव्हनिंग पस’मध्ये तर तिच्या जागी गोरी किशोरवयीन मुलगी आली. आक्षेप होता अपमानास्पद चित्रणाला, आणि उपाय म्हणून घरातून कृष्णवर्णीय व्यक्तीच काढून टाकली! १९९०च्या दशकात थिया व्हिडाल यांच्या आवाजात संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित झाले; चित्र मूळचे राहिले, पण रँडॉल्फ यांचा आवाज गेला.

भारतात १९९५मध्ये कार्टून नेटवर्क सुरू झाले. मराठी घरांतल्या मुलांनी या मालिकेवर जीव टाकला, मात्र त्या पायांमागचा अमेरिकी इतिहास त्यांना सांगणारे कुणी नव्हते. मूळ लघुपट जसेच्या तसे ठेवून सोबत संदर्भ देणे हाच प्रामाणिक मार्ग, आणि डीव्हीडी संचांत तो अवलंबलाही गेला: अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग सुरुवातीलाच हा इतिहास समजावून सांगतात. २०१४मध्ये ॲमेझॉन आणि आयट्यून्सवरही या लघुपटांतील वांशिक पूर्वग्रहांबद्दल सूचना झळकली.