मराठवाड्यातील तीर्थक्षेत्रे आणि जहागिरी

हैदराबादच्या निजामाच्या राज्याची पश्चिम सरहद्द असलेल्या मराठवाड्यात देवस्थाने आणि सरदारांच्या जहागिरी यांचा संबंध प्रामुख्याने इनाम, म्हणजे सारा माफ करून दिलेल्या, जमिनीतून घडला. अठराव्या शतकात हा मुलूख निजामाचा असला, तरी १७१९ मधील मोगल सनदांच्या आधारे मराठे येथे चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखीचा (आणखी दहाव्या हिश्शाचा) हक्क सांगत. त्यामुळे कित्येक गावांवर दोन्ही सरकारांचे अंमलदार वसुलीला येत. या स्थितीला दुअंमल म्हणत. पालखेड (१७२८), उदगीर (१७६०) आणि राक्षसभुवन (१७६३) या मराठे-निजाम लढाया याच प्रदेशात झाल्या. त्यांपैकी राक्षसभुवन हे गोदाकाठचे शनीचे क्षेत्र आहे.

सरदारांची निष्ठाही सरहद्दीसारखीच हलती होती. छत्रपती शाहूंचे सरलष्कर (वरिष्ठ सेनाधिकारी) सुलतानजी निंबाळकर निजामाकडे गेले आणि बीडचे जहागीरदार झाले; बीडचे खंडोबा मंदिर त्यांच्या नावाशी जोडले जाते. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. तेथील घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजांनी आणि पुढे होळकर घराण्याने केला, तर जवळच्याच खुलताबादेत, सूफी संतांच्या दर्ग्यांच्या परिसरात, औरंगजेब आणि पहिला निजाम यांच्या कबरी आहेत.

जहागीर राज्यकर्त्याच्या मर्जीवर टिके. देवस्थानाचे इनाम मात्र अंमल बदलला तरी सहसा चालू राही, कारण पुजारी, मुजावर (दर्ग्याचे सेवक) आणि यात्रेचा बाजार यांना दुखावणे कोणत्याही नव्या सत्तेला परवडणारे नव्हते. व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन मदतमाश, तर पूजा, दिवाबत्ती किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश होय. हैदराबाद राज्यात मंदिरे आणि दर्गे या दोहोंचा कारभार ‘उमूर-ए-मजहबी’ हे खाते पाहत असे. तुळजापूरच्या भवानी मंदिरातील पूजाविधी आणि पुजाऱ्यांचे हक्क ठरवणारी ‘देऊल-ए-कवायत’ ही नियमावली १९०९ ची, म्हणजे निजामकालीनच आहे.

निजामाची खासगी मिळकत असलेला सर्फ-ए-खास, लोहाऱ्यासारख्या पायगा (निजामाच्या मर्जीतील उमराव घराण्यांच्या मोठ्या जहागिरी) आणि इतर लहानमोठ्या जहागिरी हैदराबादच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये संपुष्टात आल्या. इनामे रद्द करणारा कायदा १९५४ चा आहे, परंतु धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे त्यातून वगळण्यात आली. त्यामुळे जहागीरदारांचे वाडे ओस पडले, तरी खिदमतमाश जमिनी देवस्थानांच्या नावावर राहिल्या आणि त्यांची वहिवाट, हस्तांतर व विक्री यांवरून मराठवाड्यातील महसूल कार्यालयांत आजही वाद चालतात.