लोकवर्गणी वेगळी, संघटन वेगळं: अमेरिकेतल्या डाव्या प्रचारांबद्दलची एक गल्लत

अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं, की अमक्याला लाखो सामान्य माणसांनी छोट्या छोट्या देणग्या देऊन उभं केलं म्हणजे तो खरा तळागाळातला नेता. डावे सिनेटर बर्नी सँडर्स २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागताना सभेत विचारायचे की आपली सरासरी देणगी किती, आणि अख्खं मैदान ओरडायचं, "सत्तावीस डॉलर!" ते दृश्य भारी होतं यात वाद नाही. पण त्यावरून आपण पटकन असं धरून चालतो की ज्याच्याकडे छोट्या देणग्या भरपूर, त्याच्याकडे गल्लीगल्लीत माणसं पण भरपूर. तिथेही दोन्हीला "ग्रासरूट्स"च म्हणतात, त्यामुळे घोळ अजून वाढतो. खरं तर या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या पद्धतीने जमतात, वेगळ्या कामाला येतात, आणि एक असली म्हणजे दुसरी असेलच असं अजिबात नाही.

आधी पैशाचं बघू. डेमोक्रॅटिक बाजूच्या बहुतेक ऑनलाइन देणग्या अ‍ॅक्टब्लू नावाच्या प्लॅटफॉर्मवरून जातात, २००४ पासून चालू आहे, प्रत्येक देणगीवर ३.९५ टक्के फी कापते. एकदा कार्ड सेव्ह केलं की पुढच्या वेळी फक्त एक टॅप. म्हणजे रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर ईमेल येतो, "आज मध्यरात्री डेडलाइन, आपण मागे पडतोय", आणि तुम्ही १० डॉलर देऊन झोपून जाता. ही डेडलाइन कधी खरी असते, दर तिमाहीला निवडणूक आयोगाकडे हिशोब द्यावा लागतो त्यामुळे ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर या तारखांना ईमेलचा नुसता पाऊस पडतो, आणि कधी ती डेडलाइन निव्वळ घाबरवायला असते. काही प्रचार तर "आता दिलेत तर तीनपट मॅच होईल", म्हणजे दुसरा कुणीतरी त्यात भर घालेल, असं लिहितात आणि तो मॅच करणारा कोण, पैसे कुठून येणार, याचा पत्ता नसतो. मला हा प्रकार अत्यंत चीड आणणारा वाटतो, कारण यात निवृत्त, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पैसे जातात.

तरी लोकवर्गणीचं महत्त्व कमी लेखू नका. तिचं काम आहे उमेदवाराला मोठ्या देणगीदारांपासून मोकळं करणं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाचा सिटिझन्स युनायटेडचा निकाल आला आणि त्यानंतर सुपर पॅक नावाची प्रकरणं उभी राहिली, ज्यांना कितीही पैसा गोळा करून खर्च करता येतो, अट एवढीच की उमेदवाराशी संगनमत नको. अशा वेळी ज्याला धनदांडग्यांच्या फोनवर अवलंबून राहायचं नाही त्याला हजारो छोटे हात लागतातच. शिवाय एक तांत्रिक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, निवडणुकीच्या आधीच्या काही आठवड्यांत टीव्ही चॅनेलला उमेदवाराला सगळ्यात कमी दराने जाहिरात द्यावी लागते, सुपर पॅकला मात्र बाजारभाव मोजावा लागतो, म्हणजे उमेदवाराच्या हातातला एक डॉलर सुपर पॅकच्या डॉलरपेक्षा जास्त एअरटाइम विकत घेतो.

आता संघटन. शनिवारी सकाळी एखाद्या पार्कच्या कोपऱ्यावर दहा-पंधरा माणसं जमतात, त्यातला एक फील्ड लीड असतो, तो नव्यांना स्क्रिप्ट समजावतो, प्रत्येक जोडीला एक टर्फ देतो, म्हणजे काही इमारती आणि त्यातल्या ठरावीक मतदारांची यादी, जी मिनीव्हॅन नावाच्या अ‍ॅपवर येते. मग जिने चढायचे. लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतीत वरून सुरुवात करायची, खाली येत येत दारं वाजवायची. बहुतेक दारं उघडतच नाहीत, तिथे "घरी नाही" असं नोंदवायचं आणि पत्रक दारात खोचून पुढे. जे दार उघडतं तिथे आधी विचारायचं, तुम्हाला सध्या सगळ्यात जास्त त्रास कशाचा, आणि मग गप्प बसून ऐकायचं, हे नव्या पोरांना सगळ्यात अवघड जातं. बोलणं झालं की एक ते पाच मध्ये आकडा, एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधात. दोन आणि तीनवाल्यांकडे परत जायचं. आणि एकवाल्यांपैकी कुणी उत्साही दिसला तर त्यालाच विचारायचं, पुढच्या शनिवारी येतोस का?

माझ्या मते सगळा फरक या शेवटच्या प्रश्नात आहे. देणगी देणाऱ्याला पुढच्या वेळी फक्त अजून एक देणगी मागितली जाते, पण दार उघडणाऱ्याला हळूहळू काम दिलं जातं, तो स्वतः टर्फ चालवायला लागतो, मग त्याच्या हाताखाली चार जण येतात, त्या चौघांना एकमेकांचे नंबर माहीत असतात, कुणाच्या घरी आजारपण असलं तर डबा जातो. समोरासमोर भेटण्याने फरक पडतो हे मोजून पण झालंय, येल विद्यापीठाच्या डोनाल्ड ग्रीन आणि अ‍ॅलन गर्बर यांनी १९९८ मध्ये न्यू हेवनमध्ये प्रयोग केला, त्यात दारावर जाऊन भेटलेल्यांचं मतदान चांगलंच वाढलं, पत्रकांनी अगदी किंचित, आणि पैसे देऊन करून घेतलेल्या फोन कॉल्सचा काही उपयोग झाला नाही.

दोन्ही गोष्टी एकच समजल्या की काय होतं याची उदाहरणं २०२० च्या सिनेटच्या निवडणुकीत आहेत. केंटकीत सिनेटमधले तेव्हाचे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांच्या विरोधात एमी मॅग्रा उभ्या होत्या, देशभरातल्या लोकांना मॅकॉनेलचा इतका राग की त्यांच्याकडे ९ कोटी डॉलरच्या वर जमले, त्यातला बहुतांश केंटकीबाहेरून. हरल्या सुमारे २० टक्क्यांनी. साउथ कॅरोलायनात रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहमच्या विरोधात जेमी हॅरिसन, एकूण १३ कोटी डॉलरच्या आसपास, एका तिमाहीत तर ५.७ कोटी, तेव्हाचा विक्रम. हरले १० टक्क्यांनी. दोघंही तसे डेमोक्रॅटिक पक्षाच्या मधल्या वाटेचे, पण पैसा याच लोकवर्गणीच्या यंत्रातून आलेला. कॅलिफोर्नियात बसून केंटकीला पाठवलेला डॉलर हा राग असतो, मत नसतं, मत द्यायला माणूस केंटकीतच राहावा लागतो!

इथे मला आपल्याकडचं हातकणंगले आठवतं. राजू शेट्टींनी २००९ च्या लोकसभेला "एक नोट, एक व्होट" म्हणत शेतकऱ्यांकडे वर्गणी मागितली होती. तिथे नोट देणारा आणि व्होट देणारा एकच माणूस, त्याच गावातला, ऊसदराच्या आंदोलनात रस्त्यावर बसलेला. संघटन आधी होतं, वर्गणी त्यातून आली. अमेरिकेत इंटरनेटने हे दोन धागे सुटे करून टाकले, आता नोट एका राज्यातून येते आणि व्होट दुसऱ्या राज्यात शोधावं लागतं.

हे सुटणं दिसायला लागलं ते हॉवर्ड डीनच्या वेळी. २००३ मध्ये इराक युद्धाला विरोध करणारा हा व्हरमाँटचा माजी गव्हर्नर इंटरनेटवरून छोट्या देणग्या गोळा करत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी सगळ्या डेमोक्रॅट्सच्या पुढे गेला, मीटअप नावाच्या वेबसाइटवरून गावोगाव गट जमले, सगळ्यांना वाटलं हाच जिंकणार. मग जानेवारी २००४ मध्ये आयोवाच्या कॉकससाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला स्थानिक सभेत जमून मत द्यायचं असतं त्यासाठी, देशभरातून हजारो स्वयंसेवक आले, सगळ्यांच्या डोक्यावर भगभगीत नारिंगी टोप्या. उत्साह खरा होता, माणसं पण खरी होती, पण ती आयोवाची नव्हती, आणि बाहेरगावची पोरं येऊन आपल्याला शिकवतायत हे तिथल्या लोकांना काही फार रुचलं नाही. डीन तिसरे आले, १८ टक्क्यांवर. म्हणजे नुसती माणसं आणली तरी संघटन होत नाही, ती माणसं तिथली लागतात किंवा तिथे बराच काळ राहिलेली लागतात.

उलट बाजू बघायची तर अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ, डेमोक्रॅटिक पक्षातली डावी नेता. जून २०१८, ब्राँक्स-क्वीन्सचा मतदारसंघ, समोर जो क्राउली, दहा वेळा निवडून आलेला, हाउस म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या डेमोक्रॅट्सच्या वरच्या फळीतला, खर्च करायला लाखो डॉलर. तिच्याकडे त्याच्या मानाने चिल्लर. पण पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्रायमरीत मतदान किती कमी असतं बघा, तिला मिळाली जवळपास १७,००० मतं आणि त्याला १३,०००. म्हणजे चार हजार मतांचा खेळ, आणि चार हजार मतं पायी फिरून मिळवता येतात. देणग्यांचा पूर आला तो जिंकल्यानंतर. आज तिचं नाव देशातल्या मोठ्या लोकवर्गणीवाल्यांत घेतात आणि लोक समजतात की त्या पैशानेच ती जिंकली, क्रम बरोबर उलटा आहे.

पण पायी फिरून सगळं जिंकता येतं असंही मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्याच जमाल बोमन या डाव्या खासदाराला हरवायला एआयपॅक या इस्रायल-समर्थक गटाच्या सुपर पॅकने १.४ कोटी डॉलरच्या वर ओतले, हाउसच्या तोवरच्या इतिहासातली सगळ्यात महागडी प्रायमरी झाली, आणि तो जॉर्ज लॅटिमरकडून १७ टक्क्यांनी हरला. लॅटिमर तिथे वर्षानुवर्षं निवडून येणारा माणूस होता हेही तितकंच खरं. मोठा पैसा आणि स्थानिक ओळख एकाच बाजूला असली की दुसऱ्या बाजूला फार अवघड जातं.

पैशातून संघटन उभं करता येतं का? येतं, लवकर सुरू केलं तर. सँडर्सनी २०२० मध्ये नेवाडात तेच केलं, लॅटिनो वस्त्यांत महिनोन् महिने आधी ऑफिसं, तिथलीच माणसं पगारावर, आणि कलिनरी युनियन या हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या नेत्यांना सँडर्सची आरोग्य योजना पसंत नसूनही लास व्हेगासच्या हॉटेलांतले बरेच कामगार कॉकसमध्ये त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले, ४६ टक्क्यांच्या वर मिळाले. पण आठवड्याभरातच साउथ कॅरोलायना आलं, तिथे काळ्या मतदारांशी असलेलं चर्चचं, तिथल्या जिम क्लायबर्नसारख्या काळ्या खासदाराचं दशकांचं नातं बायडेनच्या मागे उभं राहिलं, आणि फेब्रुवारीत ४.६ कोटी डॉलर जमवलेला उमेदवार तिथे २० टक्क्यांवर अडकला.

आणि उभं केलेलं संघटन नुसती यादी बनून संपू पण शकतं. ओबामांच्या २००८ च्या प्रचारात मार्शल गँझ यांनी, जे आधी सीझर चावेझच्या शेतमजूर युनियनमध्ये घडलेले, मोहल्ल्यामोहल्ल्यात टीम बांधायची पद्धत शिकवली होती, अप्रतिम काम होतं. निवडणूक जिंकल्यावर ते सगळं पक्षाच्या कार्यालयाखाली गेलं, १ कोटी ३० लाख ईमेल पत्ते उरले, आणि टीमना स्वतःहून करण्यासारखं काही ठेवलं नाही. २०१० मध्ये हाउसमधलं बहुमत गेलं. त्याला कारणं अनेक, पण हे एक मोठं होतं असं मला ठामपणे वाटतं.

या दोन्ही गोष्टी परत एका जागी आल्या त्या न्यूयॉर्क शहरात, महापौरपदाला उभ्या राहिलेल्या डाव्या जोहरान ममदानीच्या वेळी, आणि त्यात शहराच्या कायद्याचा मोठा हात आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. तिथे शहरात राहणाऱ्याने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत शहर आठपट सार्वजनिक पैसा घालतं. म्हणजे क्वीन्समधल्या टॅक्सीवाल्याचे १० डॉलर उमेदवाराच्या खात्यात ९० होतात आणि टेक्सासमधल्या चाहत्याचे १० हे १०च राहतात. वर खर्चाला मर्यादा, प्रायमरीसाठी ८० लाख डॉलरच्या आसपास. मार्च २०२५ मध्येच ममदानीने व्हिडिओ टाकून सांगितलं की आता पैसे पाठवू नका, मर्यादेपुरते झाले, त्याऐवजी दारं वाजवायला या. प्रचाराच्या सांगण्यानुसार प्रायमरीपर्यंत हजारो स्वयंसेवकांनी दहा लाखांहून जास्त दारं वाजवली. समोर राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोच्या बाजूचा सुपर पॅक, २ कोटी डॉलरच्या वर, त्यात एकट्या अब्जाधीश माजी महापौर मायकल ब्लूमबर्गचे ८० लाखांहून जास्त. २४ जूनला ममदानी प्रायमरी जिंकला, ४ नोव्हेंबरला महापौरपद, १० लाखांहून जास्त मतांनिशी.

आता तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांसाठी एक कामाची गोष्ट, कारण हा फरक त्यांच्या बाबतीत थेट कायद्यात लिहिलेला आहे. एच-१बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर कुठल्याच निवडणुकीत, अगदी गावच्या स्कूल बोर्डाच्या उमेदवाराला सुद्धा, एक डॉलर देता येत नाही, त्यासाठी ग्रीन कार्ड तरी हवं. मित्राच्या कार्डवरून देऊन त्याला नंतर रोख देणं हा तर गुन्हाच. पण विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करायला मनाई नाही, कारण फुकट दिलेला स्वतःचा वेळ कायद्याच्या दृष्टीने देणगी धरत नाहीत. फक्त प्रचाराचे पैसे कुठे खर्च करायचे, डावपेच काय, अशा निर्णयांत भाग घ्यायचा नाही. जर्सी सिटीत, एडिसनमध्ये असे कितीतरी जण आहेत जे "मला मतही नाही आणि देणगीही देता येत नाही, मग मी काय करणार" म्हणून गप्प बसतात. त्यांनी जवळच्या प्रचाराच्या ऑफिसात जाऊन सांगावं की मला मराठी, हिंदी, जमलं तर गुजराती बोलता येतं, शनिवारी टर्फ द्या.