लॉक एका कंपनीचं, चेन दुसरीची

जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलं की रस्ता लगेच सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या दिशेने उभा चढायला लागतो. गेल्या हिवाळ्यात त्याच चढावर माझ्या मित्राच्या सायकलची चेन तुटली. एका कडीची बाहेरची प्लेट पिनेवरून सुटून वाकडी झाली होती. माझ्या पिशवीत एक सुटं लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी उघडती कडी होती. ते लॉकही दहा गिअरच्याच चेनचं, पण वेगळ्या कंपनीचं. शेजारी थांबलेले, सायकल दुरुस्तीत हयात गेलेले एक काका काळजीने म्हणाले, "दुसऱ्या कंपनीचा लॉक लावू नको रे बाबा, उतारावर सोडील तुला."

हे मी आजवर अनेकांकडून ऐकलंय. काकांच्या सांगण्यात खरं काय आणि चुकीचं काय, हे त्या लॉकची रचना समजली की आपोआप कळतं. इतक्या छोट्या वस्तूत इतकी सुंदर युक्ती मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

आपल्या काळ्या, बिनगिअरच्या सायकलींच्या चेनला जे लॉक असतं, त्यावर माशाच्या आकाराची छोटी स्प्रिंगपट्टी बसवलेली असते. ती बसवताना पट्टीची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवायची, म्हणजे कुठे घासली तरी ती मागे ढकलली जाते आणि आणखी घट्ट बसते. गिअरच्या सायकलला ही पट्टी चालत नाही. चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारत असते आणि बाहेर आलेली पट्टी शेजारच्या चक्राला अडकते. तिथे लागतं ते पट्टी नसलेलं लॉक, म्हणजे क्विक लिंक.

क्विक लिंकचे दोन भाग अगदी सारखे असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक प्लेट. तिच्या एका टोकाला पक्की बसवलेली पिन आणि दुसऱ्या टोकाला भोक. हे भोक साधं गोल नसतं. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ काढून त्याची मागची बाजू बघा. तिथे एक मोठं भोक असतं आणि त्याला जोडून एक अरुंद खाच. खिळ्याचं डोकं मोठ्या भोकातून आत जातं, घड्याळ किंचित खाली सरकतं आणि खिळ्याची मान अरुंद खाचेत बसते. मग घड्याळाचं वजनच त्याला धरून ठेवतं. लॉकच्या प्लेटमध्ये हेच आहे. पिनेच्या टोकाजवळ कोरलेली खोबण म्हणजे खिळ्याची मान. मोठं भोक कडीच्या मध्याकडे आणि अरुंद खाच बाहेरच्या बाजूला. एक भाग उलटा फिरवून दुसऱ्यासमोर धरायचा, दोन्ही पिना समोरच्या मोठ्या भोकांत घालायच्या आणि चेन ओढायची. डावीकडची चेन डाव्या पिनेला डावीकडे खेचते, उजवीकडची उजव्या पिनेला उजवीकडे. दोन्ही पिना आपापल्या अरुंद खाचेत जाऊन रुततात. म्हणजे चेनवर जितका ताण, तितकं लॉक पक्कं!

आता हा ताण किती असतो ते काढू. ७० किलोचा माणूस चढावर पेडलवर उभा राहिला, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा १७० मिलिमीटरचा आणि पुढचं चक्र ३० दात्यांचं धरू. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेव्हा चक्राचा परीघ ३८१ मिलिमीटर आणि त्रिज्या सुमारे ६१. शाळेत शिकलेला तरफेचा नियम लावला, तर ७० ला १७० ने गुणून ६१ ने भागायचं. उत्तर येतं जवळजवळ १९५ किलो. सिमेंटच्या चार गोण्या त्या लॉकला टांगल्यासारखं झालं. हा भार दोन प्लेटा निम्मा निम्मा वाटून घेतात. आणि तो भार लॉक उघडण्याच्या नाही, बंद ठेवण्याच्या दिशेने काम करतो. उघडायचं तर पिना एकमेकींकडे सरकल्या पाहिजेत आणि त्याच वेळी प्लेटा आतल्या बाजूला दाबल्या गेल्या पाहिजेत. काकांनी भीती घातली ती उताराची. उतारावर पाय थांबले की ताण घटतो हे खरं, पण मागच्या डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची स्प्रिंग चेन थोडी ताणून धरतेच. बाहेर पसरू पाहणाऱ्या प्लेटा आपणहून आत दाबल्या जात नाहीत.

मग कंपनीचा प्रश्न येतो कुठे? हान्स रेनोल्डने १८८० मध्ये मँचेस्टरमध्ये बुश-रोलर चेन काढली, ती चेन पुढे एका मापावर स्थिरावली. दोन पिनांमधलं हे अर्ध्या इंचाचं अंतर आज जवळजवळ सगळ्यांचं सारखंच आहे. बदलते ती रुंदी. मागच्या चाकावर चक्रं वाढत गेली तशी त्यांच्यातली जागा कमी झाली. आठ चक्रांच्या कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांच्या संचात) शेजारच्या दोन चक्रांच्या मध्यांमधलं अंतर सुमारे ४.८ मिलिमीटर, नऊच्या कॅसेटमध्ये ४.३५, दहाच्यात ३.९५. चेनही बारीक होत गेली. पिनेची बाहेरून लांबी आठ गिअरला साधारण ७.१, नऊला ६.६, दहाला ५.९ आणि अकराला ५.५ मिलिमीटर. लॉक मोठ्या मापाचं लागलं तर ते सैल हलतं आणि शेजारच्या चक्राला घासून चेनच्या प्रत्येक फेऱ्याला "टक्" वाजतं. छोट्या मापाचं लावायला गेलात तर पिन पलीकडे पोचत नाही. कशीबशी पोचली तर आतल्या प्लेटा चिमटल्या जातात आणि ती कडी वळत नाही. म्हणून डब्यावर आधी वाचायचा तो गिअरचा आकडा. शिमानो कंपनीच्या दहा गिअरच्या चेनवर केएमसी कंपनीचं दहा गिअरचं लॉक व्यवस्थित चालतं. अपवाद आहेत. स्रॅमची रस्त्यावरच्या सायकलींची बारा गिअरची चपट्या पाठीची चेन घ्या. तिचे रोलर, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या नळ्याच मोठ्या, म्हणून तिला तिचंच लॉक लागतं. विपरमान कंपनीच्या कॉनेक्स लॉकची एक कड फुगीर असते. ती फुगीर बाजू चेनच्या वेढ्याबाहेर ठेवावी लागते, नाहीतर लहान चक्रावर चेन दाताबाहेर उचलली जाते.

काकांच्या बोलण्यात खरं आहे ते वेगळ्याच जागी. बारीक चेनच्या लॉकांमध्ये खाचेच्या तोंडाशी इतकी घट्ट कड असते की पिन तिच्यावरून "कट्" करून आत उडी मारते. प्रत्येक वेळी उघडताना ती कड थोडी झिजते. म्हणून शिमानो आणि स्रॅम आपली अशी लॉकं एकदाच वापरायला सांगतात. जुनं काढलेलं लॉक पुन्हा लावलंत तर ते सुटू शकतं, मग ते त्याच कंपनीचं का असेना. सोनेरी मुलामा दिलेल्या लॉकचं कौतुकही मी करणार नाही. तो थर काही मायक्रॉनचा असतो, त्याने पिनेचं माप बदलत नाही.

त्या चढावर चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं, वळणावरच्या राखणदार देवाला नारळ दिला नाहीत म्हणून चेन तुटली. गावाचा मान ठेवून मी नारळाबद्दल वाद घातला नाही, पण कारण मला दिसत होतं. मित्र पेडलवर उभा राहून पूर्ण जोर देत असतानाच गिअर बदलत होता. चेन तिरकी खेचली गेली आणि बाहेरची प्लेट पिनेच्या डोक्यावरून निसटली. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर बदलला असता, तर ती टिकली असती.

आम्ही तुटलेली बाहेरची कडी यंत्राने पिन ढकलून काढली. तिच्या जागी लॉक बसलं, त्यामुळे लांबी बदलली नाही. लॉक वरच्या बाजूला आणलं, मागचा ब्रेक दाबला आणि पेडलवर जोर दिला. "कट्" आवाज आला. काकांनी बोटाने कडी वळवून पाहिली आणि मान डोलावली. हेदवीपर्यंत ती एकदाही वाजली नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खाऱ्या हवेत लॉकच्या खाचेत गंज धरतो आणि ते पकडीनेही उघडेनासं होतं. अशा वेळी जाळ्याची नायलॉन दोरी लॉकच्या दोन्ही बाजूंच्या रोलरांभोवती फुलीसारखी ओवायची आणि दोन्ही टोकं जोरात ओढायची. पिना एकमेकींकडे सरकतात. पिशवीतलं सुटं लॉक मी तेलात बुडवलेल्या फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो.